अहवाल पटलावर ठेवा : गोव्याच्या चाळीस आमदारांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व सदस्य,
विधानसभा संकुल, पर्वरी.

विषय : चौकशीचे अहवाल आणि त्यांवरची कारवाई सभागृहासमोर ठेवण्याबाबत.

माननीय सदस्यहो,

हे पत्र चाळीसही जणांना आहे. सत्ताधाऱ्यांना एक आणि विरोधकांना एक अशी दोन पत्रं लिहिणार होतो, पण गोव्यात टपाल पोहोचेपर्यंत पत्ते बदलतात, म्हणून एकच लिहितो.

आधीच सांगतो, मी कोणाचाही राजीनामा मागत नाही. राजीनाम्याची मागणी सगळ्यांच्याच सोयीची असते. विरोधकांना दोन दिवस पणजीच्या आझाद मैदानावर उभं राहता येतं, सत्ताधाऱ्यांना ‘मृत्यूचं राजकारण करू नका’ म्हणता येतं, वाहिन्यांना कार्यक्रम मिळतो आणि चवथ (गणेशचतुर्थी) आली की सगळे गणपतीवर माटोळी बांधायला घरी जातात. समजा, एखाद्याने राजीनामा दिलाच, तरी नेमकं काय चुकलं, कोणाच्या सहीने चुकलं आणि पुढच्या वर्षी तेच होऊ नये म्हणून काय बदललं, हे आम्हाला कळत नाही ते नाहीच. मला हवा आहे तो एक कागद. चौकशीचा अहवाल, आणि त्याला जोडून सरकारने काय केलं त्याचं टिपण, तुमच्या सभागृहाच्या पटलावर ठेवलेलं.

मी डिचोली तालुक्यातला. शिरगावची लईराई देवीची जत्रा आमच्याकडे नुसती जत्रा नसते. वैशाख शुद्ध पंचमीच्या आधी कित्येक दिवस धोंडांचं (देवीच्या व्रतस्थ भक्तांचं) व्रत सुरू होतं, वाड्यावाड्यांवर त्यांचं जेवणखाण वेगळं होतं, वेताच्या काठ्या बाहेर निघतात, बाजारात मोगऱ्याच्या कळ्यांचा भाव चढतो. रात्री होमखंड पेटतं आणि पहाटेकडे धोंड निखाऱ्यांवरून जातात. तळीवर आंघोळ करून देवळाकडे येणारी गर्दी, तिकडून परतणारी गर्दी, मधे दुकानं, आणि तो उताराचा अरुंद रस्ता. हे चित्र आमच्या भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. आपल्या आमदार-मंत्र्यांपैकी बरेच जण दरवर्षी तिथे दर्शनाला येतात, तेव्हा त्यांनाही पाठ असणार. (त्यांच्यासाठी वाट मोकळी करून दिली जाते, तेवढा फरक सोडून.)

३ मे २०२५ च्या पहाटे त्याच उतारावर चेंगराचेंगरी झाली. सहा भाविक गेले, कितीतरी जखमी झाले. त्याच दिवशी उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलीस निरीक्षकांपर्यंत बदल्यांचे आदेश निघाले. सत्यशोधन समिती नेमली गेली, तिने लोकांची निवेदनं घेतली, अहवालही दिला.

आता शिरगावात किंवा डिचोलीच्या बाजारात कोणालाही विचारा, त्या पहाटेसाठी कोणाचा काय दोष ठरला? त्याला बदल्या आठवतील. त्यापुढचं फारसं कोणाला सांगता येणार नाही. रस्त्याच्या कडेला दुकानांना जागा कोणी दिली, येणाऱ्या-जाणाऱ्या गर्दीसाठी वेगळी वाट आखायचं काम कोणाचं होतं, त्या रात्री किती पोलीस कागदावर होते आणि किती उतारावर, आधीच्या बैठकीत देवस्थान समितीने काय मागितलं होतं आणि प्रशासनाने काय मान्य केलं होतं, हे प्रश्न अगदी साधे आहेत. त्यांची उत्तरं कुठेतरी फायलीत आहेतच. आणि बदली ही शिक्षा नव्हे. माणूस दोषी असेल तर त्याचा दोष घेऊन तो दुसऱ्या खुर्चीत बसतो. निर्दोष असेल तर सहा मृत्यूंचा डाग कपाळी घेऊन बसतो, आणि तो पुसायची सोयही नाही, कारण ज्यात त्याची निर्दोषता लिहिली असेल तो कागद कोणाच्या हाती पडत नाही. या दुसऱ्या माणसाचा विचार आपण कोणीच करत नाही.

आता कायद्याची गोष्ट. तुम्ही आमदार आहात, तुम्हाला ती माहीत असेल, पण वाचकांसाठी सांगतो. चौकशी आयोग कायदा १९५२ चा आहे. त्याखाली सरकारने आयोग नेमला की त्याच्या कलम ३(४) नुसार अहवाल हातात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो विधिमंडळासमोर ठेवावा लागतो, आणि नुसता अहवाल पुरत नाही, सोबत ‘केलेल्या कारवाईचं टिपण’ द्यावं लागतं. सरकारने अहवाल फेटाळला तरी ते टिपण द्यावं लागतं. म्हणजे मी जे मागतोय ते नवं नाही, सत्तर वर्षांहून जुन्या कायद्याच्या पोटात आहे.

मग अडतं कुठे? दुर्घटना घडली की आयोग नेमलाच जात नाही. नेमली जाते ती दंडाधिकारी चौकशी, सत्यशोधन समिती, तज्ज्ञ समिती, खातेनिहाय चौकशी. यांतल्या कशालाच ते कलम लागू नाही. अहवाल सचिवाकडे जातो, तिथून मुख्यमंत्र्यांकडे, आणि मग जेवढं पत्रकार परिषदेत सांगितलं जाईल तेवढं आपलं. चौकशी कोणती नेमायची हे ज्याने ठरवायचं, त्याच्याच खात्यांची चौकशी व्हायची असते. मी कोणाच्या हेतूवर बोलत नाही. पण असा दरवाजा उघडा असताना कोणीही त्यातूनच जाणार, उद्या विरोधक सत्तेत आले तरी त्यातूनच जाणार.

हडफड्याचं घ्या. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री नाइटक्लबला आग लागली आणि २५ जण गेले. बहुतेक तिथले कामगार, दूरच्या राज्यांतून पोट भरायला आलेले. दुसऱ्या दिवसापासून परवान्यांचा खेळ सुरू झाला. पंचायतीने बांधकाम पाडण्याचा आदेश दिला होता आणि वरच्या कार्यालयाने त्याला स्थगिती दिली होती, असं सरपंचांनी सांगितलं. मग व्यवसायाचा परवाना कोणाचा, अग्निशमन दलाचा दाखला होता की नव्हता, किनारी नियमन कोणी बघायचं, प्रदूषण मंडळाची संमती कशाच्या आधारावर, असं एकेक निघत गेलं. काही अधिकारी निलंबित झाले, मालकांना थायलंडहून परत आणलं, दंडाधिकारी चौकशी बसली. मालकांवर खटला चालेल, ते न्यायालय बघेल. पण आदेश आणि स्थगिती यांच्या मधल्या काळात किती कार्यालयांतून ती फाईल फिरली आणि प्रत्येक टेबलावर कोणी काय शेरा मारला, हे न्यायालयाचं काम नाही. ते तुमचं काम आहे.

आणि हे काही हडफड्यापासून सुरू झालं असं नाही. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणला चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, ३१ माणसं गेली, त्यांतही बहुतेक मजूर. तेव्हाही परवानगी कोणी दिली, पाहणी कोणी केली, हेच प्रश्न होते. गाडले गेलेले मतदार नव्हते, त्यांची घरं कर्नाटक, झारखंड अशा दूरच्या गावांत, म्हणून इथे विचारणारं कोणी उरत नाही. हे वाक्य कडू आहे, पण खोटं असेल तर मला सांगा.

ही पद्धत अगदी खालपर्यंत झिरपली आहे. आमच्या वाड्यावरून शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर एक साकव (छोटा पूल) आहे. त्याचा एका बाजूचा कठडा पावसात वाहून गेला. कोणीतरी दोन बांबू आडवे बांधले आणि त्यांवर लाल फडका लावला. ग्रामसभेत विषय काढला, सचिवांनी इतिवृत्तात लिहून घेतला. पुढच्या ग्रामसभेत मागचं इतिवृत्त वाचताना ‘संबंधित खात्याला पत्र पाठविण्यात आले’ एवढं कानावर पडलं. खात्यात गेलो. तिथला कनिष्ठ अभियंता चांगला माणूस, खुर्ची दिली, फाईल काढून दाखवली. म्हणाला, “साकव आमच्याकडे आहे की दुसऱ्या खात्याकडे, हेच ठरायचंय. पळोवया (बघू या).” फाईलमध्ये आमच्या पंचायतीचं पत्र होतं, त्याच्यावर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा, त्याच्याखाली ‘सादर’, त्याच्याखाली ‘चर्चा करावी’. तिन्ही शेऱ्यांखाली आद्याक्षरं, नाव एकाचंही नाही. चतुर्थीच्या आधी कोणीतरी फडका तेवढा नवा लावतो, बांबू तेच आहेत. त्या साकवावरून पोरं सायकलने शाळेत जातात. काही झालं तर चौकशी समिती नेमली जाईल यात मला शंका नाही.

लोकायुक्त आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. २०१६ ते २०२० या काळात न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा गोव्याचे लोकायुक्त होते. निवृत्त होताना त्यांनी सांगितलं की आपण सरकारकडे पाठवलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नाही, आणि जनतेचा पैसा वाया घालवण्यापेक्षा ही संस्था बंद केलेली बरी. निवृत्त मुख्य न्यायाधीशांच्या तोंडून असं यावं, याची कोणत्याही सरकारला लाज वाटायला हवी होती. झालं काय? जानेवारी २०२१ मध्ये याच विधानसभेत लोकायुक्त कायद्याची दुरुस्ती संमत झाली आणि दोषी ठरलेल्या लोकसेवकाने पद सोडावं असं जाहीर करण्याचा लोकायुक्तांचा अधिकार काढून टाकला गेला. कुत्रा भुंकतो म्हणून तक्रार आली, तर त्याचे दातच काढले. तेव्हा सभागृहात असलेल्यांपैकी काही जण आजही तिथे बसतात. त्या दिवशी आपण हात कुठे वर केला होता, ते त्यांनी आपल्या मतदारांना सांगायला हरकत नाही.

अहवाल उघड झाला की काय होतं, हे आमच्या तालुक्याइतकं कोणाला ठाऊक नाही. न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्यातल्या खाणींवरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत ठेवला गेला. चार-पाच दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. म्हणजे पुढची जवळजवळ पाच वर्षं खनिज काढलं गेलं ते बेकायदा. त्या पाच वर्षांत टनामागे रॉयल्टी घेऊन पावती फाडणारं खातं सरकारचंच होतं. मुदत संपलेली कोणाला दिसली नाही? की दिसली आणि कोणी बोललं नाही? दोन्हींची उत्तरं असलेली माणसं सरकारी पगारावर होती.

शिक्षा मात्र कोणाला झाली, ते डिचोलीहून सत्तरीकडे जाताना बघा. बँकेचं कर्ज काढून घेतलेले टिप्पर ट्रक घरांच्या अंगणात ताडपत्रीखाली गंजले. चाकांच्या रिमपर्यंत गवत चढलं. ट्रकमालक, चालक, क्लीनर, गॅरेजवाले, रस्त्यावरचे गाडेवाले, सगळे एका झटक्यात बसले. २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ खाणपट्टेही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हा दुसऱ्यांदा बसले. पर्यावरणवाल्यांना शिव्या देणारे माझ्या ओळखीचे खूप आहेत. पण ज्यांनी परवानगीच्या कागदांवर डोळे मिटून सह्या केल्या, त्यांना शिव्या देणारा मला अजून भेटायचा आहे, कारण त्यांची नावंच कोणाला माहीत नाहीत. अहवाल उघडा झाला, म्हणून निदान लूट थांबली. कारवाईचं टिपण मात्र खालच्या माणसाच्या अंगणात लिहिलं गेलं.

यात आमचाही हात आहे, ते मान्य. आमदाराला आम्ही प्रश्न विचारायला जात नाही, काम घेऊन जातो. पोराला नोकरीला लावा, बदली थांबवा, लग्नाला या, मयताला या. आमदाराचा पात्रांव (मालक) होतो तो आमच्या दारातच. मग २०२४ मध्ये सरकारी नोकरीच्या नावाखाली लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, तेव्हा फसलेल्यांना लोक हसले. हसण्यासारखं काय होतं? पैसे दिले की नोकरी लागते, हे त्यांना कोणा भामट्याने शिकवलेलं नव्हतं. आजूबाजूला बघून ते शिकले होते. जी गोष्ट उपकार म्हणून मिळते तिचा जाब विचारता येत नाही, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा व्यवहार टिकला आहे. २०१३ चा एक कायदा आहे, ठरावीक मुदतीत दाखले आणि सेवा मिळण्याचा नागरिकांना हक्क देणारा, खास गोव्याचा, तुमच्याच सभागृहाने केलेला. तो दाखवून दाखला मागणारा माणूस मला कुठल्याच खिडकीवर भेटलेला नाही. आमदाराच्या माणसाला फोन लावणारे रोज भेटतात.

पक्षांतरावर फार लिहीत नाही, लिहून सगळे थकले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन एकनिष्ठेच्या शपथा दिल्या गेल्या. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला काँग्रेसचे आठ आमदार पलीकडे, भाजपमध्ये गेले. एकाने तर पुन्हा देवाला विचारून गेलो असं सांगितलं. तिन्ही देवस्थानांनी अजून चौकशी समिती नेमलेली नाही, एवढंच.

सरकारकडून एक हरकत येणार, ती मी आधीच घेतो. अहवाल जाहीर केला तर खटल्यावर परिणाम होईल, म्हणतील. साक्षीदारांची नावं झाका, जबान्या बंद ठेवा, कोणाची तक्रार नाही. पण परवानगी कुठल्या कार्यालयाने दिली, नियम काय होता, तो कुठे मोडला आणि आता त्यात काय बदल केला, हे सांगितल्याने कुठला खटला पडतो? उलट माहिती न दिल्याने अफवा पसरतात आणि त्या अफवांमुळे खटल्यांपेक्षा जास्त लोकांची आयुष्यं मोडतात. आणि माहिती देण्यात आपल्याला कमीपणा वाटावा असं गोव्यात काही नाही. देशाने माहितीचा अधिकार २००५ मध्ये दिला, गोव्याने आपला कायदा १९९७ मध्येच केला होता.

तर माझी मागणी एवढीच. अधिवेशनात शुक्रवारी खासगी ठराव येतात. तुमच्यापैकी कोणीही एकाने, पक्ष कोणताही असो, एक ठराव मांडावा. मसुदा करायलाही त्रास नको म्हणून मीच लिहून देतो :

‘राज्य सरकारने कोणत्याही कायद्याखाली किंवा प्रशासकीय आदेशाने नेमलेल्या, मनुष्यहानीशी संबंधित प्रत्येक चौकशीचा अहवाल सादर झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो केलेल्या कारवाईच्या टिपणासह सभागृहाच्या पटलावर ठेवावा. टिपणात संबंधित पदाचे नाव, ठरलेला दोष, केलेली कारवाई व तिची तारीख नमूद करावी. १ जानेवारी २०१४ नंतरच्या सर्व अहवालांना हे लागू करावे.’

ठराव सरकारवर बंधनकारक नसतो, हे मला ठाऊक आहे. पुढे काय होतं तेही ठाऊक आहे. मंत्री उठतात, भावना समजतो म्हणतात, सरकार सकारात्मक विचार करील म्हणतात, सदस्यांनी ठराव मागे घ्यावा अशी विनंती करतात, आणि सदस्य मागे घेतात. कृपा करून या वेळी मागे घेऊ नका. मंत्र्यांनी पटलावर ठेवू असं म्हटलंच, तर ते आश्वासन म्हणून नोंदवून घ्या, म्हणजे आश्वासन समितीला त्याचा पाठपुरावा करता येईल. नाही म्हटलं, तर आवाजी मतदानावर सोडू नका, मतविभाजन मागा. मतविभाजनात नावं लागतात, आणि ती कामकाजाच्या नोंदीत कायमची राहतात. २०२७ च्या निवडणुकीआधी ती यादी आम्हाला वाचायची आहे.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक मतदार